घराबाहेर येऊन समजूत घालणे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातून आलेली आणि सध्या खराडीत नोकरी करणारी एक तरुणी विचारते की, कार्यालयातील मैत्रिणी तिच्या विश्वासाविषयी काही विचारतात, ती उत्तर देते आणि दर वेळी त्याचा वाद होतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास एक जवळची मैत्रीण म्हणाली, "तुम्हाला फक्त तुमचंच खरं वाटतं," आणि तेव्हापासून दोघींचे बोलणे तुटक झाले आहे. ख्रिस्त हेच सत्य आहे असे मानणे मुळातच अहंकाराचे आहे का, की सांगण्याची पद्धत चुकते आहे, आणि नुसते चांगले वागून गप्प राहिले तर पुरेसे नाही का, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात तीस वर्षांहून अधिक काळ आधी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून आणि नंतर पवित्र शास्त्राचा शिक्षक म्हणून काम केले आहे, आणि या विषयातले माझे पहिले शिक्षण एका चुकीतून झाले. पाळक होऊन तीनेक वर्षे झाली असतील. आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चच्या समुदायातील, एका बाईंच्या मातीला त्यांचे माहेरचे हिंदू नातेवाईक आले होते. एवढी माणसे पुन्हा कधी ऐकायला मिळणार, असा विचार करून मी कबरीपाशी उभा राहून ख्रिस्तावाचून आशा नाही हे अर्धा तास सांगितले. त्या बाईंचे थोरले भाऊ माती न देताच निघून गेले, हे मला दोन दिवसांनी कळले. मी कसबा पेठेत त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, क्षमाही केली आणि एवढेच म्हणाले, "तुम्ही माझ्या बहिणीबद्दल एक शब्द बोलला नाहीत." त्यानंतर त्यांनी माझ्याशी धर्माविषयी कधीही बोलणे काढले नाही. मी जे सांगितले होते ते आजही मला खरे वाटते. परंतु त्या दिवशी समोरची माणसे मला दिसलीच नव्हती, फक्त श्रोते दिसले होते.

आता तुमचा पहिला प्रश्न. एखादी गोष्ट खरी आहे असे मानणे हा अहंकार नव्हे. सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात असे तुमची मैत्रीण म्हणत असेल, तर तीही एक ठाम विधानच करते आहे, आणि तसे करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. मात्र हा मुद्दा तिला पेचात पकडण्यासाठी वापरू नका. मी तो तुमच्या मनातील अपराधीपणा कमी व्हावा म्हणून सांगतो आहे. अहंकार शिरतो तो दुसऱ्या दाराने, म्हणजे सत्य आपल्या मालकीचे आहे, आपल्या हुशारीने किंवा आपल्या घराण्याच्या पुण्याईने ते आपल्याला मिळाले आहे, असे वाटू लागते तेव्हा. ख्रिस्ती विश्वासाच्या गाभ्याशी तर याच्या नेमकी उलट गोष्ट आहे. मत्तयाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, म्हणजे शुभवर्तमानाच्या, अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेला कर्जमाफीचा दाखला तुम्ही रविवारच्या शाळेत शिकला असाल. ज्याचे फेडण्यापलीकडचे कर्ज माफ झाले, तोच बाहेर पडताच किरकोळ कर्जासाठी सोबत्याची मानगूट धरतो. कर्ज माफ झालेल्या माणसाने सावकाराच्या थाटात बोलावे, हे मुळात विसंगत आहे. म्हणून नम्रता ही सत्यावर वरून शिंपडायची साखर नव्हे. आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला खरेच कळले असेल, तर ते नम्रपणेच सांगता येते.

"मार्ग, सत्य व जीवन मीच आहे" हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातील वचन आपण किती वेळा दुसऱ्याच्या तोंडावर फेकतो! ते वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले ते पाहावे. येशूच्या मरणाच्या आदल्या रात्री, भोजनाच्या वेळी, घाबरलेल्या शिष्यांना तो धीर देत होता. अध्यायाची सुरुवातच अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका अशी आहे, आणि आम्हाला वाट कशी ठाऊक असणार, असे थोमाने गोंधळून विचारल्यावर हे उत्तर आले. त्याचा दावा मोठाच आहे आणि तो लहान करण्याचा मला अधिकार नाही. तरीही घाबरलेल्याला धीर देण्यासाठी बोललेले शब्द आपण निरोगी माणसाला गप्प करण्यासाठी वापरतो, तेव्हा शब्द तेच राहून अर्थ बदलतो.

पद्धतीविषयी आधार विचाराल तर बहुतेक जण येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. तुमच्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला सिद्ध असा, परंतु ते सौम्यतेने द्या, असे तिथे सांगितले आहे. उत्तरासाठी मूळ ग्रीक शब्द "अपोलोगिया" आहे; न्यायालयात आरोपी आपली बाजू मांडतो त्याला हा शब्द वापरत. ज्यांना हे पत्र लिहिले ते लोक संख्येने थोडे होते, त्यांच्याविषयी भलतेसलते बोलले जात होते, आणि अशांना पेत्र सांगतो की तुम्ही आरोपीच्या जागेवरून बोला, न्यायाधीशाच्या खुर्चीवरून नव्हे. शिवाय आधी कोणी विचारलेले असावे हेही त्याने गृहीत धरले आहे. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देण्यात आपले बरेच आयुष्य जाते.

इफिसच्या दंगलीची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. अर्तमी देवीच्या त्या नगरीत ख्रिस्ताचा प्रेषित पौल दोन वर्षांहून अधिक काळ शिकवत होता. दंगल उसळल्यावर नगराचा लेखक जमावाला शांत करताना म्हणतो की, या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केली नाही. हे प्रमाणपत्र विरोधी बाजूच्या अधिकाऱ्याने दिलेले आहे. पौलाला मूर्तिपूजा मान्य नव्हती आणि त्याने ते लपवलेही नाही. तरीही दुसऱ्याच्या देवतेविषयी अपशब्द न काढता त्याने एवढी वर्षे सत्य सांगितले. तुमच्या मैत्रिणीच्या घरी गणपती बसतो तेव्हा तुम्ही त्याविषयी काय बोलता, कोणत्या सुरात बोलता, याची तिची आठवण तुमच्या सगळ्या युक्तिवादांहून अधिक काळ टिकेल.

आपल्याच महाराष्ट्रातील काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जाहीर वाद झाले, त्यांचा वृत्तान्त छापूनही निघाला. दोन्हीकडे विद्वान माणसे होती आणि त्या काळात अशा वादांची काही गरजही असेल. परंतु गर्दीसमोर कोणालाही आपली शंका कबूल करता येत नाही. तिथे माणूस स्वतःची बाजू सांभाळतो आणि घरी जाऊन आणखी घट्ट होतो. याच्या शेजारी पंडिता रमाबाईंची वाट ठेवून पाहा. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा वाँटेज येथील ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांचा सांभाळ जिथे होत होता ते घर दाखवले. या स्त्रियांवर कोणी दया का करावी, असा प्रश्न रमाबाईंना पडला, आणि त्याचे उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना विहिरीवर येशूशी बोललेल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. आधी कृती दिसली, तिच्यातून प्रश्न उभा राहिला आणि मग गोष्ट आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या बुद्धीच्या अडचणी सोडवण्यात नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, आणि त्यांच्या नम्र वाणीचा आपल्या मनावर झालेला परिणाम रमाबाईंनी लिहून ठेवला आहे. गोऱ्हेशास्त्री स्वतः काशीला मिशनऱ्यांचे खंडन करायला निघालेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले आणि पुढे आयुष्यभर स्वतःच्या शंकांशी झगडलेले गृहस्थ होते. ज्याला शंकेचा त्रास ठाऊक असतो त्याचा आवाज आपोआप खाली येतो, असे मला वाटते. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंनी भगिनींचे प्रत्येक मत मान्य केले नाही. आपल्या विवेकाला पटल्याखेरीज काही स्वीकारणार नाही, असे त्या पत्रांतून सांगत राहिल्या. ज्याला पटवून द्यायचे त्याच्या विवेकबुद्धीला एवढी जागा द्यावी लागते.

कवी नारायण वामन टिळकांचे उदाहरण तर घरातलेच आहे. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे संस्कृत काव्यावर बोलणे निघाले आणि उतरताना त्याने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांना धरून ठेवले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्या आघाताने काय झाले हे त्यांनीच लिहिले आहे, आणि ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वाचावे असे मला वाटते, कारण एकाच्या आनंदाची किंमत दुसऱ्याला कशी मोजावी लागते हे त्यातून कळते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या टिळकांकडे परतल्या, तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक हे सारे टिळकांनी चालू दिले. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार पुढे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या मनात सुरू झाला आणि त्यांनीच तो शेवटास नेला. ज्या गृहस्थाची वाणी महाराष्ट्र ऐकत होता, त्याने आपल्याच घरात पुष्कळदा गप्प राहून वाट पाहिली. आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांनी मोकळेपणाने मान्य केले. देहू पुण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तो पूल पाडून कोणाचे भले होणार?

यावरून थोडे विषयांतर वाटेल, परंतु सांगतो. आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा वारकऱ्यांना पत्रके वाटावीत, अशी सूचना आमच्या एका बैठकीत आली होती. मी विरोध केला आणि आजही करीन. जो माणूस नामस्मरण करत मैलोन्‌मैल पायी चालत आला आहे, त्याला पाणी द्यावे, पायाला तेल द्यावे आणि त्याची वाट अडवू नये.

आता भाषेकडे येतो, कारण तुमच्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्यांचे घोडे इथे हमखास अडते. आपली चर्चमधली मराठी बाहेर समजत नाही. "तारण", म्हणजे उद्धार, म्हटले की बँकेत काम करणाऱ्याला कर्जापोटी ठेवलेले दागिने आठवतात. बाहेर "मंडळी" म्हणजे घरातली माणसे. "पाप" म्हटले की पुण्याच्या खात्याशेजारचे दुसरे खाते डोळ्यांसमोर येते आणि मग मैत्रीण साहजिकच म्हणते, "मी कोणाचं काय वाईट केलंय?" "कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले" हे शब्द आपल्या डोळ्यांत पाणी आणतात, परंतु कट्टर शाकाहारी घरातील माणसाला ते ऐकून नुसती शिसारी येऊ शकते. "अवतार" शब्द सोपा म्हणून वापरावा, तर ऐकणारा दशावतारांत आणखी एकाची भर घालून समाधानाने पुढे जातो. हे शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. ते शेकडो वर्षांचे आहेत आणि उपासनेत त्यांची जागा आहे. सांगताना मात्र गोष्ट सांगा. पाप म्हणजे काय, हे सांगायला लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलाची गोष्ट पुरते. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावरून तुटलेली घरे त्याने पाहिलेली असतात. "तुम्ही मेलात तरी चालेल, माझा हिस्सा द्या," असे देवाला म्हणणे हे पाप आहे, आणि ते अत्यंत सभ्य माणसाच्या मनातही असू शकते.

त्याच गोष्टीच्या उत्तरार्धात आपल्या विषयाचे सारे मर्म मला सापडले. धाकटा सारे उधळून घरी परततो, बाप आनंदाने मेजवानी देतो, आणि थोरला मुलगा रुसून बाहेर उभा राहतो, आत यायला तयार नसतो. तेव्हा बाप चाललेली मेजवानी सोडून, स्वतः घराबाहेर येऊन त्याची समजूत घालतो. मुलगा उद्धटपणे बोलतो, "हा तुमचा मुलगा" असे भावाविषयी म्हणतो. बाप त्याचे ऐकून घेतो, "बाळा" म्हणतो, आणि तरीही धाकट्यासाठी आनंद करणे योग्यच होते हे सत्य सोडत नाही. मग थोरला आत गेला का? येशूने ते सांगितलेलेच नाही. पटवून देणे म्हणजे माझ्या दृष्टीने हेच आहे: आपली मेजवानी सोडून बाहेर येणे, समोरच्याचा राग पुरता ऐकणे, खरे तेच बोलणे, आणि आत यायचे की नाही हे त्याच्यावर सोडणे.

हे प्रत्यक्षात कसे करायचे ते एका उदाहरणाने सांगतो. शनिवार पेठेतील संस्कृतचे एक निवृत्त शिक्षक माझ्याबरोबर जवळपास दोन वर्षे दर गुरुवारी मत्तयाचे शुभवर्तमान वाचत असत. पंधराव्या अध्यायात आपल्या मुलीसाठी येशूला विनवणाऱ्या परकीय, कनानी स्त्रीच्या प्रसंगी ते थांबले आणि म्हणाले, "मुलांची भाकर घेऊन कुत्र्यांना घालणं बरं नव्हे, असं एका आईला म्हणणारा हा तुमचा दयेचा सागर?" माझ्याजवळ समाधानकारक उत्तर नव्हते. मी तसे सांगितले आणि आठवड्याची मुदत मागितली. पुढच्या गुरुवारी मी त्यांना दाखवले की, मूळ शब्द रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीचा नसून घरात वावरणाऱ्या लहान कुत्र्यांसाठीचा आहे, संभाषणाच्या शेवटी येशू तिच्या विश्वासाला मोठा म्हणतो, आणि मत्तय ज्या यहुदी वाचकांसाठी लिहीत होता त्यांना एका परकीय स्त्रीची अशी थोरवी ऐकवणे हाच मोठा धक्का होता. हे सगळे सांगून मी म्हणालो की, एवढे करूनही त्या वाक्याचा काटा माझ्या मनातून पुरता निघालेला नाही. ते म्हणाले, "आता तुमचं बाकीचंही ऐकावंसं वाटतं." ते अखेरपर्यंत ख्रिस्ती झाले नाहीत. आमचे वाचन त्यांच्या आजारपणापर्यंत चालू राहिले.

पुराव्याच्या बाबतीतही हाच प्रामाणिकपणा हवा. जेवढे पुराव्यातून निघते तेवढेच म्हणावे. रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी लिहिले की, सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. यावरून येशू होऊन गेला आणि मारला गेला एवढे सिद्ध होते. पुनरुत्थान, म्हणजे तो मेलेल्यांतून पुन्हा उठला हे, सिद्ध होत नाही. पुनरुत्थानासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाकडे जावे. ते पत्र इसवी सन ५५ च्या सुमाराचे, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांतले आहे. पुन्हा उठलेल्या येशूला ज्यांनी पाहिले त्यांची नावे पौल तिथे देतो, पाचशेहून अधिक लोकांचा उल्लेख करतो आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असे सांगतो. ज्याला विचारायचे त्याने विचारावे, असा तो सूर आहे. विश्वास ठेवायला ही भक्कम कारणे आहेत असे मी मनापासून मानतो. गणितातल्यासारखी सिद्धता आहे असे मात्र मी कोणालाही सांगत नाही. येशू काश्मीरला किंवा लडाखला येऊन गेला हे ऐकायला मिळाले, तर हसू नका. लडाखची कथा नोटोविच नावाच्या लेखकाने १८९४ मध्ये छापली आणि मॅक्स म्युलरसारख्या पंडिताने तेव्हाच तिच्यावर शंका घेतली, एवढे शांतपणे सांगावे.

"तुम्ही लोक आमिष दाखवून बाटवता," हा आरोपही तुम्हाला ऐकावा लागेल. यावर लगेच बचाव करू नका. गोव्यात १५६० पासून चाललेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, आपल्याच इतिहासात आहे. सत्तेच्या जोरावर धर्म लादला गेला हे पाप होते आणि तसे स्पष्ट म्हणावे. त्याच गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापल्या गेलेल्या ओवीबद्ध ख्रिस्तपुराणात मराठी भाषेची थोरवी गायली, हेही खरे आहे, परंतु दुसरे सांगून पहिले झाकू नये. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे असा सांगून, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असे म्हटले. कायदेपंडित यावर पुष्कळ चर्चा करतात. मला व्यक्तिशः ती मर्यादा जड वाटत नाही, कारण कोणाचे मन पालटणे आपल्या हातात आहे असे पवित्र शास्त्रही म्हणत नाही. मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवले देवाने, असेच पौल म्हणतो.

गप्प राहून चांगले वागणे पुरेसे आहे का, या तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे. चांगले वागणारी माणसे सर्व धर्मांत आणि धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. तुमच्या वागण्यावरून मैत्रिणीला तुम्ही चांगल्या आहात एवढेच कळेल, आणि ज्याच्या कृपेने तुम्ही उभ्या आहात त्याचे नाव मध्येच गळून जाईल. शिवाय जे आपल्याला सर्वांत मोलाचे वाटते ते जिवलग मैत्रिणीपासून दडवून ठेवणे, ही मैत्रीतली उणीवच आहे.

म्हणून आता एवढे करा. तिला एकटीला गाठून चहाला न्या. याच शहरात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि लोकमान्य टिळकांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराची कारवाई, झाले होते. आज तुम्हा दोघींना एका टेबलाशी बसता येते, ही लहान गोष्ट नाही. दिवाळीला ती जे बोलली ते माझ्या कोणत्या वाक्यावरून वाटले, असे तिला विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. मग तिचे म्हणणे तुमच्या शब्दांत परत सांगा आणि "हेच म्हणायचं होतं का?" असे विचारा, ती "हो" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. क्षमा मागण्यासारखे काही निघाले तर "पण" न जोडता मागा. त्या दिवशी उत्तर देऊ नका. पुढे कधी तिनेच विचारले, तर मार्कचे शुभवर्तमान द्या. ते सोळाच अध्यायांचे आहे, दोन तासांत वाचून होते. वाचून तिला जे खटकले असेल, ते आधी ऐका.